पेटीतील मांजर व वर्गातील मूल

अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलेल्या प्रत्येक शिक्षकाच्या कानांवरून ‘प्रयत्न-प्रमाद पद्धती’ हे शब्द एकदा तरी गेलेले असतात. सिद्धतेचा नियम, सरावाचा नियम आणि परिणामाचा नियम ही तीन नावे परीक्षेपुरती पाठ होतात, ओळीने उत्तरपत्रिकेत उतरतात, आणि पुढे हजेरीपट, पाढे व तपासणीच्या वह्या यांच्या धबडग्यात विस्मरणात जातात. हे नियम ज्या पेटीतून निघाले ती पेटी, तीत कोंडलेले भुकेले मांजर आणि घड्याळ हाती घेऊन त्याची धडपड न्याहाळणारा तेवीस वर्षांचा तरुण, यांची हकीकत पाठ्यपुस्तकात दोन-चार ओळींपलीकडे सहसा येत नाही. ज्याने हे नियम सांगितले त्यानेच तीस वर्षांनी त्यांतील बराच भाग स्वतःच्या हाताने पुसून टाकला, ही गोष्ट तर फारच थोड्यांना ठाऊक असते. जो भाग पुसला गेला तो नेमका घोकंपट्टी व शिक्षा यांच्याशी निगडित होता; म्हणून प्राथमिक शिक्षकांच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय.

एडवर्ड ली थॉर्नडाइक यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७४ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्यम्सबर्ग या गावी झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक असल्यामुळे दर काही वर्षांनी कुटुंबाचे बिऱ्हाड एका गावाहून दुसऱ्या गावी हलत असे. वेस्लियन विद्यापीठात शिकत असताना एका बक्षिसाच्या परीक्षेसाठी थॉर्नडाइक यांनी विल्यम जेम्स यांच्या मानसशास्त्रावरील ग्रंथाची काही प्रकरणे वाचली. त्या वाचनाने ते इतके भारावले, की पुढील शिक्षणासाठी १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात गेल्यावर वाङ्मयाचा अभ्यास मागे पडला आणि मानसशास्त्र पुढे आले.

त्यांनी प्रयोगासाठी प्रथम निवडली ती मुलेच होती, जनावरे नव्हेत. समोरचा मनुष्य मनात एखादे अक्षर, अंक वा वस्तू धरतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नकळत उमटणाऱ्या सूक्ष्म हालचालींवरून लहान मुलांना ती ओळखता येते काय, हे त्यांना पाहावयाचे होते. उत्तर बरोबर आले की मुलाच्या हातावर खाऊ ठेवला जाई. मुलांना हा खेळ आवडला. परंतु ज्या संस्थेत ती मुले होती तिच्या चालकांना तो पसंत पडला नाही व त्यांनी परवानगी नाकारली. मुले मिळेनात, तेव्हा थॉर्नडाइक कोंबडीच्या पिलांकडे वळले. शिक्षणशास्त्राच्या इतिहासातील एका मोठ्या प्रकरणाचा आरंभ असा एका नकारातून झाला.

पिलांसाठी प्रयोगशाळा नव्हती. जाडजूड पुस्तके उभी करून त्यांच्या भिंती रचायच्या, आत एक वाट खुली व बाकीच्या बंद ठेवायच्या, आणि एकाकी पडलेले पिलू बाहेर आपल्या भावंडांपर्यंत व दाण्यांपर्यंत कसे पोहोचते ते पाहायचे, एवढीच सामग्री. हे सारे भाड्याच्या खोलीत चाले. घरमालकिणीला खोलीतली ही कोंबड्यांची वीण मान्य होईना. विद्यापीठातही जागा मिळाली नाही. अखेर खुद्द विल्यम जेम्स यांनी आपल्या घराचे तळघर मोकळे करून दिले. त्या पिलांमुळे जेम्स यांच्या मुलाबाळांची मोठीच करमणूक झाली म्हणतात. पुढे जेम्स मॅकीन कॅटेल यांच्या हाताखाली काम करण्यासाठी थॉर्नडाइक न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांनी आपली दोन अधिक ‘सुशिक्षित’ पिले टोपलीत घालून बरोबर नेली.

त्या काळी प्राण्यांच्या बुद्धीविषयी जे लिहिले जाई त्याचे स्वरूप ध्यानी घेतल्यावाचून या प्रयोगांचे मोल कळणार नाही. इंग्लंडमधील जॉर्ज रोमान्स यांनी १८८२ साली याच विषयावर एक गाजलेला ग्रंथ लिहिला होता. त्यात दाराची कडी उघडणारे मांजर, मालकाचे मन ओळखणारा कुत्रा अशा कथा ठिकठिकाणाहून गोळा केलेल्या होत्या. थॉर्नडाइक यांचा आक्षेप साधा व मार्मिक होता. शेकडो कुत्री वाट चुकतात, त्यांची बातमी कोणी लिहून पाठवीत नाही; एखादे मात्र दूरच्या गावाहून घरी परतले, की त्याची गोष्ट सर्वतोमुखी होते. अशा गोष्टींची कितीही मोठी रास घातली, तरी तीतून प्राण्याच्या शहाणपणाचे माप निघत नाही. एकच परिस्थिती अनेक प्राण्यांपुढे पुनःपुन्हा ठेवावी, प्रत्येक वेळी लागलेला काळ मोजावा, चुकलेले व साधलेले दोन्ही लिहून काढावे, हा त्यांचा मार्ग होता. आज तो सामान्य वाटतो; १८९७ साली तो नवा होता.

फळ्या व पट्ट्या ठोकून त्यांनी स्वतः पेट्या तयार केल्या. सुतारकामात त्यांचा हात फारसा चालत नसे, हे त्या पेट्यांच्या उपलब्ध छायाचित्रांवरूनही दिसते. त्यांतील पहिली पेटी सुमारे वीस इंच लांब, पंधरा इंच रुंद व बारा इंच उंच होती. दाराला दोरी बांधलेली असे आणि आतील एखादा फास ओढला, खटका दाबला वा पायाखालची फळी दाबली गेली, की दार उघडे. भुकेले मांजर आत कोंडावयाचे व त्याला दिसेल अशा बेताने बाहेर मासळीचा तुकडा ठेवावयाचा. कोंडलेले मांजर प्रथम काय करते? पट्ट्यांच्या फटीतून अंग काढू पाहते, चावते, ओरबाडते, सैल वस्तू दिसली की तिच्यावर पंजे मारते. मासळीपेक्षाही सुटकेचीच त्याला अधिक ओढ लागलेली दिसे. या अंदाधुंद धडपडीत केव्हा तरी पंजा फासात अडकतो, दार उघडते, मांजर बाहेर येऊन मासळी खाते. मग त्याला पुन्हा आत घालावयाचे.

बारा क्रमांकाच्या मांजराला पहिल्या पेटीतून सुटण्यास पहिल्या वेळी १६० सेकंद लागले. पुढील वेळा अनुक्रमे ३०, ९०, ६०, १५, २८, २० व ३० सेकंद अशा होत्या. चोविसाव्या वेळी तेच मांजर सात सेकंदांत बाहेर आले. या आकड्यांकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या वेळी ३० सेकंदांत सुटलेल्या मांजराला तिसऱ्या वेळी ९० सेकंद लागले; म्हणजे दुसऱ्या खेपेस त्याला ‘कळले’ होते असे म्हणता येत नाही. एखाद्याला युक्ती समजली, तर त्यापुढे काळाचा आकडा एकदम खाली आला पाहिजे व तेथेच राहिला पाहिजे. येथे आकडा चढत-उतरत, अडखळत, हळूहळू खाली येतो. यावरून थॉर्नडाइक यांनी असा निष्कर्ष काढला, की मांजर विचार करून मार्ग शोधीत नाही. निष्फळ हालचाली एकेक करून गळतात, सफल झालेली हालचाल त्या जागेशी अधिकाधिक घट्ट जोडली जाते, आणि शेवटी तीच तेवढी उरते. प्रयत्न आणि प्रमाद यांतून घडणारे हेच ते शिकणे.

एका पेटीत तर फास वा खटका काहीच नव्हते. मांजराने स्वतःचे अंग चाटले की थॉर्नडाइक स्वतः दार उघडीत. चाटण्याचा व दार उघडण्याचा काहीएक बुद्धिगम्य संबंध नाही. तरीही मांजरे ते शिकली. मात्र त्यात एक चमत्कारिक गोष्ट घडली. चाटणे दिवसेंदिवस आखडत गेले, आणि शेवटी जीभ अंगाला लागली न लागली तोच मान वळवून दाराकडे पाहणे एवढेच उरले. नुसत्या बक्षिसावर नजर ठेवून केलेली कृती किती पोकळ होऊ शकते याचे हे चित्र आहे. तपासणीपुरते आवरलेल्या वर्गाची आठवण यावरून कोणास झाली, तर त्यात त्याचा दोष नाही.

एका मांजराची सुटका दुसऱ्याला दाखवूनही पाहिले, तसेच मांजराचा पंजा हाती धरून त्याच्याकडून फास ओढवूनही पाहिले. दोन्ही उपायांनी मांजरे शिकली नाहीत, असे थॉर्नडाइक यांस आढळले. या साऱ्याचा वृत्तांत १८९८ साली ‘प्राण्यांची बुद्धिमत्ता’ अशा आशयाच्या मथळ्याखाली प्रसिद्ध झाला व त्याच प्रबंधावर त्यांना कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळाली.

आक्षेप येण्यास वेळ लागला नाही. दुसऱ्याच वर्षी वेस्ली मिल्स या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले, की भुकेने कासावीस झालेल्या, लहानशा पेटीत कोंडलेल्या मांजराच्या वर्तनावरून मांजराच्या स्वाभाविक बुद्धीची परीक्षा होत नाही. पुढे जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर यांनी टेनेरीफ बेटावर चिंपांझी वानरांवर प्रयोग केले व १९१७ साली ते ग्रंथरूपाने मांडले. त्यांचा मुद्दा अधिक खोल होता. पेटीच्या दोऱ्या-खटक्यांची जुळणी मांजराच्या नजरेस पडतच नव्हती. जे दिसतच नाही ते उमजणार कसे? कोहलर यांनी समस्येचे सारे घटक वानराच्या डोळ्यांसमोर ठेवले, तेव्हा सुलतान नावाच्या चिंपांझीने दोन वेळू एकमेकांत खोचून लांब काठी केली व हाताबाहेरचे फळ ओढून घेतले. यालाच पाठ्यपुस्तकात ‘मर्मदृष्टी’ म्हणतात. अनुकरणाच्या बाबतीतही पुढील संशोधन थॉर्नडाइक यांच्या विरुद्ध गेले. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरीची पिले आपल्या आईला खटका दाबताना पाहून ते काम शिकली. अनोळखी मांजरीला पाहणाऱ्या पिलांना त्याच कामास अधिक वेळ लागला. कोणाकडे पाहून शिकावयाचे यालाही महत्त्व असते, ही गोष्ट पेट्यांच्या प्रयोगात सुटून गेली होती.

असे असूनही त्या पेट्यांचे महत्त्व उणे होत नाही. शिकणे ही मोजण्यासारखी गोष्ट आहे व ती चढत्या-उतरत्या रेषेने कागदावर मांडता येते, हे तेथे स्पष्ट दिसले.

डॉक्टर झाल्यावर थॉर्नडाइक यांनी क्लीव्हलँड येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात एक वर्ष अध्यापन केले. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजचे प्रमुख जेम्स रसेल त्यांना पाहण्यास तेथे गेले, तो हे तरुण प्राध्यापक उंदीर व माकडे यांच्या अभ्यासाची चर्चा करीत होते. याला माणसांवर आजमावून पाहण्यास हरकत नाही, असे रसेल यांचे मत झाले. १८९९ साली थॉर्नडाइक टीचर्स कॉलेजात आले आणि १९४० साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, तेथेच राहिले.

तेथे त्यांचे तीन नियम सिद्ध झाले. मूल शिकण्यास तयार असेल तेव्हा शिकणे सुखाचे होते व तयार नसताना लादलेले शिकणे त्रासाचे होते, हा सिद्धतेचा नियम. परिस्थिती व कृती यांची जोडी जितकी वापरावी तितकी दृढ होते व न वापरल्यास सैल पडते, हा सरावाचा नियम. ज्या कृतीनंतर समाधान लाभते तिची जोडी घट्ट होते व जिच्यानंतर त्रास होतो तिची जोडी ढिली पडते, हा परिणामाचा नियम. १९११ व १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांतून हे नियम जगभरच्या अध्यापक विद्यालयांत पोहोचले. या मांडणीत एक उघड सोय होती. शिक्षक पूर्वीपासून जे करीत आले होते, म्हणजे घोकून घेणे, शाबासकी देणे व शिक्षा करणे, त्या सर्वांना शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे झाले. कदाचित म्हणूनच ते इतक्या सहजपणे स्वीकारले गेले.

परंतु एका जुन्या समजुतीला थॉर्नडाइक यांनी आरंभीच धक्का दिला होता. लॅटिन वा भूमिती शिकल्याने बुद्धी सर्वच कामांसाठी धारदार होते, असे पाश्चात्त्य शाळांत मानले जाई. महाराष्ट्रातही संस्कृत व गणित यांविषयी असेच बोलले जाते. १९०१ साली थॉर्नडाइक व त्यांचे सहकारी रॉबर्ट वुडवर्थ यांनी काही व्यक्तींकडून कागदी आयतांची क्षेत्रफळे नजरेने अजमावण्याचा भरपूर सराव करून घेतला. त्या आकारांत त्यांची नजर बसली. पण आकार बदलला वा तो मोठा केला, की कमावलेल्या कौशल्याचा फारच थोडा भाग उपयोगी पडे. दोन कामांत जेवढे घटक समान असतील तेवढेच कौशल्य एकातून दुसऱ्यात जाते, असे त्यांनी मांडले. पुढे १९२४ साली माध्यमिक शाळांतील ८,५६४ विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवरून त्यांनी दाखविले, की एक विषय घेतल्याने दुसऱ्यापेक्षा सर्वसाधारण विचारशक्ती फारशी अधिक वाढत नाही. ज्यांची विचारशक्ती आधीच चांगली आहे तीच मुले वर्षाअखेर सर्वाधिक पुढे गेलेली दिसतात; आणि अशी मुले कठीण विषय निवडतात, म्हणून यशाचे श्रेय त्या विषयाला मिळते. हा निष्कर्ष अनेकांना रुचला नाही. मूल पाढे म्हणते म्हणून ते बाजारात हिशेब करीलच असे नाही, हे ज्याने चौथीचा वर्ग बाजाराच्या दिवशी गावात पाहिला आहे त्याला मात्र पटण्यास अडचण पडू नये.

त्यांचे पुढील कार्य अफाट आहे. लहानमोठे मिळून सुमारे पाचशे लेख व ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. प्राथमिक शिक्षणाशी निकट संबंध असलेले एक काम येथे नोंदविले पाहिजे. मुलांच्या पुस्तकात कोणते शब्द यावेत हे लेखकाच्या लहरीवर सोडू नये, म्हणून त्यांनी बालवाङ्मय, पाठ्यपुस्तके, बायबल, पत्रव्यवहार इत्यादी एकेचाळीस प्रकारच्या साधनांतून सुमारे ४५ लाख शब्दांची मोजदाद केली व वारंवार येणाऱ्या दहा हजार इंग्रजी शब्दांची यादी शिक्षकांसाठी १९२१ साली प्रसिद्ध केली. संगणकाचे नाव नव्हते त्या काळी हे सारे हातांनी मोजलेले आहे.

अंकगणिताच्या अध्यापनावर त्यांनी १९२२ साली लिहिलेला ग्रंथ मात्र तितकासा निर्वेध ठरला नाही. बेरीज-वजाबाकी म्हणजे अनेक सुट्या जोड्यांचा संच असून प्रत्येक जोडी सरावाने पक्की करावी, अशी त्याची बैठक होती. विल्यम ब्राउनेल यांनी १९३५ साली तिसरीतील मुलांवर प्रयोग करून पाहिला. महिनाभर बेरजांचे पाठांतर करून घेतल्यावर मुले अधिक वेगाने उत्तरे देऊ लागली खरी; परंतु एकेकास जवळ बसवून विचारले, तेव्हा कळले की जी मुले आधी बोटे मोजीत होती त्यांतील पुष्कळशी अजून बोटेच मोजीत होती, फक्त भराभर. सरावाने जुनीच पद्धत घोटली गेली होती. नुसते उत्तर तपासणाऱ्याला हे दिसले नसते.

थॉर्नडाइक यांच्या चरित्रातील एक बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. बुद्धी मुख्यतः वंशपरंपरेने येते, असे त्यांचे मत होते व सुप्रजननाच्या तत्कालीन चळवळीचा त्यांनी पुरस्कार केला. स्त्रियांविषयी व निरनिराळ्या वंशांविषयी त्यांनी केलेली विधाने आज कोणत्याही शिक्षणसंस्थेला मान्य होणार नाहीत. टीचर्स कॉलेजातील एका इमारतीला त्यांचे नाव होते. ते २०२० साली संस्थेच्या विश्वस्तांनी काढून टाकले. मापनावर ज्याची एवढी निष्ठा, त्याने या बाबतीत माप हाती लागण्यापूर्वीच निकाल द्यावा, ही त्याच्या शास्त्रातील मोठी उणीव होय.

मात्र स्वतःच्या नियमांच्या बाबतीत त्यांनी ही चूक केली नाही. वयाची पन्नाशी उलटल्यावर ते पुन्हा मुळाशी गेले. सरावाने जोडी दृढ होते म्हणता, तर नुसत्या सरावाने होते काय, हा प्रश्न त्यांनी घेतला. डोळे मिटून एका झटक्यात चार इंच लांबीची रेषा काढावयाची. ती किती लांब झाली हे काढणाऱ्याला कळू द्यावयाचे नाही. अशा तीन हजार रेषा काढून झाल्या, तरी शेवटच्या रेषा पहिल्या रेषांहून अधिक बिनचूक झाल्या नाहीत. प्रत्येक रेषेनंतर ‘बरोबर’ वा ‘चूक’ एवढा एकच शब्द ऐकू येऊ लागला, की सुधारणा दिसू लागे. म्हणजे शिकविणारी गोष्ट पुनरावृत्ती नव्हे. पुनरावृत्तीनंतर कळणारा परिणाम ही होय. १९२९ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात भरलेल्या आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र परिषदेत, आपण पूर्वी मांडलेले चूक होते, अशी जाहीर कबुली त्यांनी दिली.

कित्ता गिरविणाऱ्या मुलाच्या वहीवरून हे सहज ताडून पाहता येते. पहिली ओळ वरच्या छापील ओळीजवळ असते, म्हणून ती बरी उतरते. दुसरी ओळ मूल पहिलीकडे पाहून काढते, तिसरी दुसरीकडे पाहून. पानाच्या तळाशी पोहोचेपर्यंत अक्षराचा डोलारा पार कललेला असतो. मुलाने त्या पानावर दहा वेळा सराव केला हे खरे, पण कशाचा? पान पुरे झाल्यावर शेवटी मारलेली सही त्याला काहीच सांगत नाही. तिसऱ्या ओळीपाशी शिक्षकाचे बोट टेकले असते, तर उरलेल्या सात ओळी निराळ्या झाल्या असत्या.

त्याहूनही अनपेक्षित निष्कर्ष शिक्षेसंबंधी निघाला. प्रौढांपुढे अपरिचित स्पॅनिश शब्द ठेवून प्रत्येकासमोर पाच इंग्रजी शब्द लिहिले होते. त्यांतून अर्थाचा एक निवडावयाचा. निवड झाली की ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे सांगितले जाई. यादी पुनःपुन्हा दिली, तेव्हा ‘बरोबर’ म्हटलेली निवड पुढील खेपेस पुष्कळ अधिक वेळा आली. ‘चूक’ म्हटलेल्या निवडीही तितक्याच प्रमाणात कमी व्हावयास हव्या होत्या. तशा त्या झाल्या नाहीत. मग थॉर्नडाइक पस्तीस वर्षांनी पुन्हा कोंबडीच्या पिलांकडे आले. तीन वाटांपैकी एक वाट मोकळी जागा, दाणे व इतर पिले यांच्याकडे नेई. उरलेल्या दोन वाटांनी गेलेले पिलू तीस सेकंद कोंडले जाई. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातही बक्षिसाने योग्य निवड बळावली, परंतु कोंडण्याने चुकीची निवड म्हणण्यासारखी दुबळी झाली नाही. परिणामाच्या नियमाचा उत्तरार्ध, म्हणजे त्रासाने जोडी ढिली पडते हे विधान, थॉर्नडाइक यांनी मागे घेतले. शिक्षेचा काही उपयोग होतच असेल, तर तो एवढाच, की ती प्राण्याला दुसरे काहीतरी करून पाहण्यास प्रवृत्त करते.

या निष्कर्षावरही पुढे वाद झाला. ‘चूक’ हा शब्द वा तीस सेकंदांची कोंडी या शिक्षा फारच सौम्य होत्या. १९६० च्या सुमारास झालेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत तीव्र व तात्काळ शिक्षेने वर्तन दडपले जाते असे आढळले. पण दडपले जाते याचा अर्थ त्या जागी योग्य वर्तन येते असा नाही. शिक्षा करणाऱ्याच्या पाठीमागे जुने वर्तन पुष्कळदा परत येते, आणि शिक्षा करणारी व्यक्ती, ती जागा, तो विषय या सर्वांचीच धास्ती बसते, हेही त्या संशोधनात नोंदविले आहे. भारतात बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. त्यामुळे छडीचा प्रश्न कायद्यापुरता मिटलेला आहे. कायद्याने न मिटणारा प्रश्न असतो तो लाल शाईच्या फुलीचा.

दुसरी-तिसरीतील एखादे मूल पाटीवर सात आठे चोपन्न असे लिहिते. शिक्षक फुली मारतात. ‘चोपन्न नव्हे’ एवढे मुलाला कळते. मग छप्पन्न की अठ्ठावन्न, की आणखी काही? स्पॅनिश शब्दाच्या पाच पर्यायांपैकी एक बाद झाल्यावर चार उरत. येथे उरणाऱ्यांची गणतीच नाही. दुसऱ्या दिवशी तीच उदाहरणे दिली असता पाटीवर बहुधा पुन्हा चोपन्नच येते, कारण त्या जागेशी जोडलेली दुसरी संख्या मुलाजवळ नसते. फुली मारण्याऐवजी शिक्षकांनी सात सत्ते किती असे विचारले, तर मूल एकोणपन्नास म्हणते. ते त्याला येत असते. त्यात आणखी सात मिळविण्यास सांगितले, की मूल क्षणभर थांबते, ओठांतल्या ओठांत मोजते, चोपन्न पुसते आणि छप्पन्न लिहिते. आणि मग वर पाहते, ते बरोबर आहे का हे ऐकण्यासाठी.